वाचकांचे प्रश्न : ६.९ मर्सिडीज विकायला आलीय, घेऊ का?

प्रश्न : कोल्हापुरात ताराबाई पार्कात ओळखीतल्या एका बंगल्यात १९७८ ची मर्सिडीज ४५० एसईएल ६.९ उभी आहे. मालक वारले, मुलगा परदेशात असतो, त्याला ती काढून टाकायची आहे. ३५ लाख म्हणतोय. बरीच वर्षं गाडी फिरलेली नाही पण सेल मारला की चालू होते. एजंट म्हणतो विंटेज गाडी आहे, पासिंगचं टेन्शन नाही, आणि लग्नसराईत वरातीला भाड्यानं दिली की दोन-तीन सीझनमध्ये पैसे वसूल. घ्यावी का? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : गाडी नाद खुळा आहे, त्यात वादच नाही. एजंटाचं मात्र एकही वाक्य खरं धरू नका.

पहिलं म्हणजे ती खरंच ६.९ आहे का ते बघा. १९७५ ते १९८० या काळात अख्ख्या जगासाठी ७,३८० गाड्या बनल्या, बस. डिकीवरच्या बॅजवर जाऊ नका, कारण तो बॅज नको म्हणून सांगायची सोय कंपनीनंच ठेवली होती आणि उलट साध्या ४५० ला ६.९ चा बॅज चिकटवायला कितीसा वेळ लागतो. चेसिस नंबर ११६०३६ नं सुरू झाला पाहिजे. ११६०३३ निघाला तर ती साडेचार लिटरची साधी ४५० एसईएल, तीही छानच गाडी, पण ३५ लाखांचं नाव काढायचं नाही. इंजिनाचा नंबर १००९८५ नं सुरू होतो, ६,८३४ सीसीचा व्ही-८, २८६ हॉर्सपॉवर. हे दोन्ही आकडे आरसी बुकाशी जुळवा. त्या काळात परदेशी गाडी सरळ विकत आणणं जवळपास अशक्यच होतं, वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जायच्या, त्यामुळे ही भारतात कशी आली त्याचा काहीतरी कागद फायलीत हवा. 'कागद पुरात गेले' हे उत्तर कोल्हापुरात फार सोपं आहे, चालवून घेऊ नका.

आता खरी गंमत सस्पेन्शनची. या गाडीला स्टीलची स्प्रिंगच नाही. चारही चाकांवर तेल आणि नायट्रोजनच्या दाबावर गाडी तोललेली असते, तेलाचा पंप इंजिनावर चालतो. तुम्ही जायच्या आधी गाडी चालू करून ठेवू नका असं बजावून सांगा. थंड गाडी उभी कशी आहे ते बघा, मग सेल मारा, ती हळूहळू उठून लेव्हलला आली पाहिजे. डॅशबोर्डवर एक नॉब असतो, तो ओढला की गाडी साधारण ५ सेंटीमीटर आणखी वर उठते, तेही करून बघा. मग बंद करून रात्रभर तिथंच ठेवायला सांगा आणि सकाळी परत जा. एखादा कोपरा बसला असेल तर कुठंतरी तेल गळतंय. बसली नाही पण खड्ड्यात बैलगाडीसारखी आपटते, तर सस्पेन्शनच्या नायट्रोजन भरलेल्या गोल डब्यांतला गॅस संपलाय. हे सगळं दुरुस्त होतं, पण पंप, स्ट्रट, व्हॉल्व्ह एकेक करत बिल कुठं जाईल त्याचा नेम नाही. आणि कुणी ते सगळं काढून कॉइल स्प्रिंग बसवली असेल तर माझ्या मते सरळ हात जोडून परत या, त्यात ६.९ पणच उरत नाही. आपल्या उद्यमनगरात लेथवर बुश, पिन, ब्रॅकेट काय वाट्टेल ते करून देतील आणि कंपनीपेक्षा चांगलं देतील, पण या सस्पेन्शनचे व्हॉल्व्ह हे काम वेगळं, त्यासाठी जर्मनीत फेलबाखला मर्सिडीजचं क्लासिक सेंटर आहे, पार्ट तिकडून मागवायचे. कंपनीकडून चेसिस नंबरवर गाडीचं डेटा कार्डही मिळतं, त्यात मूळ रंग, इंजिन नंबर, कारखान्यातून काय काय बसवून आली ते सगळं असतं. ते आधी मागवा.

ऑइल ड्राय संपचं आहे, म्हणजे ते इंजिनाच्या तळाशी न राहता वेगळ्या टाकीत असतं, १२ लिटर लागतं, आणि लेव्हल गरम इंजिन चालू ठेवून बघतात, थंड गाडीची डिपस्टिक ओढून मान डोलावणारा मेकॅनिक बरोबर नेऊ नका. पेट्रोलची टाकी ९६ लिटरची. उभ्या गाडीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, रबरी पाइप सगळे बदला, कारण पंपावर आता इथेनॉलवालं ई-२० मिळतं आणि १९७८ च्या रबराला ते मानवत नाही.

आता ताराबाई पार्कात आहे, पण पुराच्या वर्षांत गाडी कुठं होती? २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरपर्यंत आलं होतं. कार्पेट उचलून फ्लोअर बघा, सीटखालचे नटबोल्ट बघा, पुढचे मडगार्ड आणि जॅक लावायच्या जागा स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा.

विंटेजचं म्हणाल तर २०२१ च्या केंद्राच्या नियमात पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षांहून जुनी गाडीच विंटेज. तुमची १९७८ ची, म्हणजे २०२८ च्या आत तो विषयच नाही. तोवर साधं पासिंग, दर पाच वर्षांनी रिन्यूअल, ग्रीन टॅक्स, आणि २०२५ पासून २० वर्षांवरच्या गाड्यांची रिन्यूअल फी वाढलीय, त्यात इंपोर्टेडला सगळ्यात जास्त. वडील वारलेत म्हणजे आधी फॉर्म ३१ भरून गाडी मुलाच्या नावावर झाली पाहिजे, बाकी वारसांची संमती घेऊन, मगच फॉर्म २९ आणि ३० भरून तुमच्या नावावर. वडिलांच्या जुन्या सहीच्या फॉर्मवर व्यवहार करू नका.

वरातीचं विसरा. प्रायव्हेट पासिंगची गाडी भाड्यानं देता येत नाही आणि उद्या विंटेज नोंदणी झाली तरी धंद्याला बंदीच आहे. दसऱ्याला ज्या गावात छत्रपतींची मेबॅक बघायला गर्दी लोटते तिथं तुमच्या गाडीलाही लोक थांबतील हो, पण पैसे देणार नाहीत.

चेसिस जुळला, सकाळी गाडी बसलेली नव्हती, आणि मुलगा फॉर्म ३१ करायला तयार आहे, तर बोलणी करा, पण ३५ लाखांच्या खाली. यातलं एक जरी नसेल तर टोकनसुद्धा देऊ नका.

प्रश्न : आजोबांची १९७१ ची ॲम्बेसेडर आहे. विंटेजला अर्ज केला तर जुना नंबर जाईल का? (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : नाही जात. आधीच रजिस्टर असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, 'व्हीए' सीरिज नव्यानं नोंदणी होणाऱ्यांना. नव्या नोंदणीची फी २० हजार, दहा वर्षांसाठी, पुढं रिन्यूअल ५ हजार. मात्र ती मग रोज रस्त्यावर काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि मेंटेनन्स एवढंच. रोज शेतावर न्यायची असेल तर अर्जाच्या नादाला लागू नका.