गाडी पकडायची की गाठायची?

कळव्याहून ठाण्याला येऊन रोज फास्ट पकडणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: 'गाडी पकडली' हे इंग्रजी 'कॅच'चं भाषांतर आहे, असं ऑफिसात कुणीतरी म्हणालं. मग ते चूक का? आणि 'कॅच'चा भूतकाळ 'कॉट' कसा?

दुसरा प्रश्न आधी घेते, कारण खरा खजिना तिथे आहे. 'कॅच' मूळचा इंग्रजी नाहीच. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांच्या फ्रेंचमधून तो आला आणि तिथे त्याचा अर्थ होता पाठलाग करणं, शिकार करणं. त्याच शब्दाचं पॅरिसकडचं रूप 'च'ने सुरू व्हायचं. तेही इंग्रजीत आलं, ते 'चेस'. म्हणजे 'कॅच' आणि 'चेस' ही सख्खी भावंडं. 'पर्चेस'सुद्धा त्याच घरातलं. पकडणं या अर्थी इंग्रजीत आधीपासून 'लॅच' हे क्रियापद होतं. 'कॅच'ने त्याची जागा घेतली, आणि 'कॉट' हे रूपही त्याच्याच भूतकाळाच्या वळणावर बेतलं गेलं. आपल्या फ्लॅटच्या दाराला असतं ते लॅच याच जुन्या क्रियापदावरून आलेलं!

आता गाडी. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी ठाण्यालाच आली. इथल्या माणसांकडे गाडीसाठी एकच क्रियापद कसं असेल? फलाटावर उभं असताना आली, तर गाडी मिळाली. जिना उतरेपर्यंत सुटली, तर चुकली. पुलावरून धावत येऊन चढलो, तर गाठली. 'पकडली' हेही आपलंच, रोजच्या तोंडातलं. त्याला मी चूक म्हणणार नाही. पण 'गाठणे' मला अधिक प्रिय आहे. त्यात मागे धावणं आणि हाती लागणं दोन्ही आहे. 'कॅच'ने वाटेत गमावलेला पाठलाग आपल्या शब्दाने अजून जपला आहे.

'सर्दी पकडली' मात्र कृपया लिहू नका. सर्दी आपल्याला होते, घर पेट घेतं, एखादी वस्तू नजरेत भरते. इंग्रजीला या सगळ्याला 'कॅच' पुरतं. आणि दुखण्यात धरायचंच झालं, तर आपल्याकडे पाठ धरते, कंबर धरते. माणूस दुखण्याला धरत नाही.