बेळगावात हॉटेलात साधं पाणी मागावं तर कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीनिमित्त पुण्याहून बेळगावात आलात, दोन्ही वेळचं जेवण बाहेरच, आणि खुर्ची ओढेपर्यंत वेटर पाण्याची बाटली आणून ठेवतो. साधं पाणी मागितलं तर चिकट म्हणतील का, मागायचं ते मराठीत की कन्नडात, आणि ते पोटाला सोसेल का?

मागा की. कोणी काही म्हणत नाही. आणि हे मी गिऱ्हाईक म्हणून नाही, पाणी वाढणारा म्हणून सांगतोय. शाळेत असताना चार-पाच उन्हाळे मी खानापूरला मामाच्या खानावळीत काढले. चुलीपुढं मामी, गल्ल्यावर मामा, आणि पाण्याचा जग माझ्याकडे. जग घेऊन फिरणाऱ्याला माणसं दिसत नाहीत, पेले दिसतात. कुठला रिकामा, कुठला अर्धा, एवढंच. गिऱ्हाईक सढळ आहे की चिकट हे त्याला कळतं, पण ते भाकरी किती वेळा परत पाठवली यावरून. पाण्यावरून नाही.

पहिल्याच दिवशीची गोष्ट. मी चार पेले एका हातात उचलले, म्हणजे प्रत्येकात एक बोट घालून, जसं सगळीकडे उचलतात. मामानं गल्ल्यावरून बघितलं आणि गप्प बसला. गर्दी ओसरल्यावर त्यानं मला बोलावलं, एका रिकाम्या पेल्यात माझंच बोट घालून पेला उचलायला लावला, वर पाणी ओतलं आणि म्हणाला, "आता पी." पाण्याला लसणाच्या चटणीचा वास येत होता. तेव्हापासून मी पेला बुडाशीच धरतो. आजही कुणी बोटं बुडवून पेले आणले तर मी तोंड वाकडं न करता "एक दुसरा पेला द्या की" म्हणतो. साधं पाणी मागण्याइतकंच हेही चालतं.

आता मागायचं कसं. सगळा खेळ वेळेचा आहे. बसल्या बसल्या, मेनू उघडायच्या आधी सांगायचं, "साधं पाणी आणा हो." शब्द 'साधं' हाच. 'फ्री पाणी' म्हणू नका, उगाच तहसीलदार कचेरीत अर्ज दिल्यासारखं वाटतं. 'नळाचं पाणी' तर मुळीच म्हणू नका, वेटर तुम्हाला हात धुवायचं बेसिन दाखवेल. काही ठिकाणी तोच आधी विचारतो, "साधं का बिसलेरी?" इथं बिसलेरी म्हणजे कुठल्याही कंपनीची बाटली. 'साधं' एवढंच म्हणायचं आणि पुढची ऑर्डर सांगायची. पुढं काही कारण जोडायचं नाही. "माझा घसा धरलाय", "बाटलीतलं मला सोसत नाही", असली कारणं मी वाढताना पुष्कळ ऐकली. ऐकणाऱ्याला त्यांचं काही नसतं, त्याचं लक्ष पुढच्या टेबलावर असतं.

बाटली आधीच टेबलावर असेल तर तिला हात लावू नका. सील फुटलं नाही तोवर ती बिलात येत नाही. हातानं कडेला सरकवली की वेटर समजतो. अडचण होते ती वेटर स्वतःच झाकण फिरवतो तेव्हा. शहरातल्या एका एसी रेस्टॉरंटात माझ्याबरोबर व्याही होते. आम्ही बोलण्यात असताना वेटरनं न विचारता दोन बाटल्या फोडल्या आणि सहा ग्लास भरले. बिलात दोन्ही बाटल्या, छापील किमतीपेक्षा जास्त लावून. व्याह्यांसमोर काय बोलणार? भरले. आता पाहुणे बरोबर असले की मी दारातून आत शिरतानाच पाण्याचं सांगून टाकतो.

तिथं भांडलो असतो तरी उपयोग झाला नसता. 12 डिसेंबर 2017 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की हॉटेल-रेस्टॉरंट बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दरानं देऊ शकतं, कारण तिथं नुसती वस्तू विकली जात नाही, बसायची जागा आणि सेवाही असते. तेव्हा "एमआरपी बघा" म्हणून आवाज चढवायचा तो किराणा दुकानात चढवा. त्याच्या उलट, तो व्हॉट्सअपवर फिरणारा 1867 चा सराय कायदा दाखवून कुणी हॉटेलवाल्याला 'पाणी फुकट द्यायलाच हवं' असा दम देत असेल तर त्याच्याही नादाला लागू नका. तो कायदा प्रवाशांच्या मुक्कामाच्या सरायांसाठी होता. त्यात सरायवाल्यानं विहिरी-टाक्या साफ ठेवाव्यात असं आहे. तुमच्या मसाला डोशाशी त्याचा संबंध नाही. विलायतेत गोष्ट वेगळी. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2010 पासून दारूचा परवाना असलेल्या ठिकाणी गिऱ्हाइकानं मागितलं तर पिण्याचं नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं. आपल्याकडे कायद्याच्या आधी रीतच उभी आहे. लांबून आलेल्या पाहुण्याला आधी गूळ-पाणी, मग "काय काम काढलं?" खानावळ म्हणजे त्याच घराची बाहेरची पडवी.

म्हणून खानावळीत, उडप्याकडं, निपाणीपासून काकतीपर्यंत हायवेच्या धाब्यावर तुम्हाला मागावंही लागत नाही, स्टीलचा जग टेबलावर असतोच. तोंड न लावता वरून प्यायचं. काही जणांना ते जमत नाही, शर्टावर सांडतं. त्यांनी पेल्यात ओतून घ्यावं, कुणी हसत नाही. मागावं लागतं ते एसीच्या, फॅमिली सेक्शनच्या आणि बारच्या ठिकाणी. आणि तुमचा प्रश्नही मला वाटतं तिथलाच आहे.

भाषेचं म्हणाल तर या गावात सगळ्यात निरुपद्रवी शब्द कुठला असेल तर पाणी. पाट्यांवरून, बसच्या बोर्डांवरून, महापालिकेच्या कागदांवरून आपल्याकडं काय काय झालंय ते तुम्ही पेपरात वाचलं असेलच, पण 'पाणी' म्हटल्यावर 'कळलं नाही' म्हणणारा वेटर मला आजवर भेटला नाही. तो रामदुर्गचा असो नाहीतर सौंदत्तीचा. तरी कन्नडातलं एक शिकून ठेवा, "अण्णा, नीर कोडरी," म्हणजे दादा, पाणी द्या. पाणी लवकर येतं म्हणून नाही. पाणी तेवढ्याच वेळात येतं, पण बरोबर कांदा जरा जास्त येतो. पेला भरत आला की "साकु" म्हणायचं, म्हणजे पुरे. खानावळीत वाढणारी बाई असेल तर अक्का किंवा मावशी. 'ओ मॅडम' म्हटलात तर सगळी खानावळ मान वळवून बघेल.

पोटाचं विचारलंय ते रास्त आहे. बेळगाव शहराला पाणी येतं ते मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप धरणातून आणि घटप्रभेवरच्या हिडकल धरणातून. पण हॉटेलात टेबलावरच्या जगमध्ये तेच पाणी आहे, की बोअरचं, की टँकरचं, हे वाढणाऱ्या पोरालाही माहीत नसतं. बऱ्याच हॉटेलांत आता फिल्टर बसलेत, काही ठिकाणी 20 लिटरचे जार येतात. खेड्यात सरकारी शुद्ध पाण्याच्या केंद्रात नाणं टाकून घागरी भरतात, तिथल्या चहाच्या टपरीवर तेच पाणी. विचारायला हरकत नाही: "फिल्टरचं आहे ना?" पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात, पाणी गढूळ येतं तेव्हा, मी सरळ गरम पाणी मागतो. कर्नाटकात ही फार सोयीची चाल आहे. उडप्याकडं "बिसी नीर" म्हणा, वाफाळता पेला समोर येतो. तो मागणारा चिकट ठरत नाही, उलट तब्येतीला जपणारा ठरतो. खरं तर तेही साधंच पाणी, नुसतं उकळलेलं. पण मान वेगळा!

आता दुसरी बाजू, कारण फुकट म्हणून सगळंच चालतं असं नाही. जगमधल्या पाण्यानं ताटात हात धुऊ नये. ताटात हात धुणारा दिसला की मामा गल्ल्यावरून नुसता खाकरायचा, आणि तेवढ्यानं बाकीची टेबलंही उठून बेसिनकडं जायची. मे महिन्यात खानापुरात मलप्रभेचं पात्र खडक दाखवायला लागलं की आमचा रांजण भरायला शेजारच्या आडावर माझ्या सहा खेपा व्हायच्या, म्हणून मलाही त्याचा राग यायचा. चौघांसाठी चार पेले भरायला लावून तीन तसेच सोडून उठणं हेही त्यातलंच. या गावात पाण्याचा हिशेब जुना आहे. 1924 ला गांधीजी अध्यक्ष असलेलं काँग्रेसचं अधिवेशन टिळकवाडीत भरलं तेव्हा आलेल्या लोकांसाठी मुद्दाम विहीर खणली, आणि तिचा खर्च 4370 रुपये 3 आणे असा आण्यापर्यंत लोक आजही सांगतात. विहीर अजून आहे, सुटीच्या दिवशी बघून या.

काहीच न खाता नुसतं पाणी प्यायचं असेल तर? उन्हातून आलात, घसा सुकलाय, तर कुठल्याही खानावळीच्या दारात उभं राहून "जरा पाणी द्या" म्हणा. 'नाही' ऐकून परत आलेला माणूस मी तरी बघितला नाही. फक्त टेबलावर बसू नका, उभ्यानंच प्या आणि पेला स्वतः परत ठेवा. बाटली भरून हवी असेल तर मात्र गल्ल्यावर विचारायचं, फिल्टरच्या तोटीला परस्पर हात घालायचा नाही. आणि दुपारी एक ते अडीचमध्ये विचारू नका. तेव्हा पाण्याच्या जगला हात एकच असतो आणि टेबलं बारा.