सासरे म्हणतात डिसेंबर, आत्याबाई म्हणतात संक्रांत

प्रश्न : सासरे माहीमच्या चाळीत वाढले. मुंबईच्या दंगलीच्या त्यांच्या आठवणी मी लिहून ठेवतेय. ते म्हणतात बाबरी पडली त्याच आठवड्यात सगळं झालं, आणि त्यांची बहीण म्हणते छे, त्या वर्षी तिळगूळ द्यायला कुणी घराबाहेर पडलं नव्हतं. नक्की कुणाचं खरं? आणि बिल्डिंगखालच्या बोर्डवरची नावं काढली होती म्हणतात, ती का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अहो, दोघांचंही खरंय! दंगल दोनदा झाली. पहिली 6 डिसेंबर 1992 पासून साधारण 10 तारखेपर्यंत, मग मधे नुसती धुसफूस, आणि दुसरी 6 ते 20 जानेवारी 1993, म्हणजे संक्रांत बरोब्बर त्यात आली. डिसेंबरमधे रस्त्यावरचा जमाव आणि पोलीस यांच्यातली धुमश्चक्री जास्त, जानेवारीत मात्र दंगल घरापर्यंत आली, डोंगरीत माथाडी कामगार मारले गेले, जोगेश्वरीला राधाबाई चाळीत घर पेटवून माणसं जाळली, मग मुसलमान वस्त्यांवर, दुकानांवर हल्ले सुरू झाले ते थांबेचनात. या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने दोन्ही मिळून 900 मृत्यू मोजले, 575 मुसलमान, 275 हिंदू, बाकीचे इतर किंवा ओळख न पटलेले. यातले 356 पोलिसांच्या गोळीबारात गेले आणि 347 भोसकाभोसकीत, म्हणून त्या वेळचे लोक गल्लीतून एकटं चालायची भीती अजून सांगतात.

नावांचं म्हणाल तर लॉबीत मजल्यावार नावांचा बोर्ड असतो ना, त्यावर एखादं खान किंवा शेख दिसलं की जमावाला घर शोधायला वेळच लागत नव्हता. हल्लेखोर घरांच्या, दुकानांच्या याद्या घेऊन फिरत होते हे नंतर चौकशीतही आलं. म्हणून कुठे फक्त मुसलमानांच्या पट्ट्या काढल्या, कुठे अख्खा बोर्डच उतरवला. आत्याबाईंना हे नक्की विचारा की पट्टी काढायला कोण आलं होतं, सेक्रेटरी की ते कुटुंब स्वतः, कारण "आम्ही त्यांना वाचवलं" असं सगळेच सांगतात आणि ते कुटुंब पुढे तिथे राहिलं की घर विकून मुंब्र्याच्या मुसलमान वस्तीत गेलं हे मात्र पटकन कुणी सांगत नाही.

बहुतेकांच्या आठवणीत प्रत्यक्ष मारामारीपेक्षा जागरणंच जास्त असतात बघा. गच्चीवर पाळीने पहारा, सोडावॉटरच्या बाटल्या आणि दगड जमवून ठेवलेले, आणि आज रात्री समुद्रातून हत्यारं उतरणार ही अफवा. दादर-माहीमकडे तर किनाऱ्यावर गाड्या उभ्या करून हेडलाइट पाण्याकडे मारून ठेवले होते असं सांगणारे भेटतात. कुणीच आलं नाही तरी ती भीती खरीच होती, तेव्हा "उगाच अफवा" म्हणून वहीतून खोडू नका.

अजून एक घोळ होतो, 12 मार्च 1993 चे बॉम्बस्फोट (257 मृत्यू) लोक सरसकट दंगलीतच मिसळतात. सासरे प्लाझा सिनेमातल्या स्फोटाचं सांगायला लागले तर तो मार्च समजा.

ताडून बघायचं असेल तर आयोगाचा अहवाल मिळवा, 1998 साली आलाय, त्यात पोलीस ठाण्यानुसार हकीकत आहे, माहीमचीही. पण आधी दोघांचं वेगवेगळं ऐकून घ्या आणि मगच तो उघडा, नाहीतर सासरे तुमच्याच तारखा तुम्हाला परत सांगतील. आणि शेजाऱ्यांची खरी नावं वहीत लिहिलीत तरी चालेल, पण फॅमिली ग्रुपवर टाकताना तेवढी काढा हं.