सुटी आणि सेवा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी बडोद्यात वाडी भागात राहते, एका कारखान्यात अकाउंट्स सांभाळते. लेक फाइन आर्ट्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघी नेपाळला जायचं म्हणतोय. एका कंपनीचं पॅकेज बघितलं : दोन आठवडे, त्यातले आठ दिवस पोखऱ्याच्या एका अनाथाश्रमात मुलांना इंग्रजी शिकवायचं, खेळवायचं, उरलेले दिवस चितवन आणि काठमांडू. माणशी ८५ हजार रुपये. अनुभवाची अट नाही. आमचे हे म्हणतात, आश्रमाला पैसे पाठवून द्या आणि नुसत्या फिरून या. लेकीला मात्र मुलांमध्ये राहायचंच आहे. काय करावं?

उत्तर : ताई, हे पॅकेज घेऊ नका आणि त्या आश्रमाला पैसेही पाठवू नका. तुमच्या लेकीच्या मनात आहे ते चांगलंच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नेपाळमधल्या अनाथाश्रमांत राहणाऱ्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात असतात. १९९६ ते २००६ या माओवादी संघर्षाच्या काळात हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलालांनी मुलं शहरात आणली. 'चांगल्या शाळेत घालतो' असं सांगायचं आणि आईबापांकडूनच पैसे उकळायचे. संघर्ष संपला, धंदा मात्र चालू राहिला. हे आश्रम कुठे एकवटलेत ते बघा : काठमांडू खोरं, पोखरा, चितवन. पर्यटक जातात नेमके तिथेच. तुमच्या पॅकेजमधली गावंही तीच आहेत. मुलं जितकी केविलवाणी दिसतील तितकी देणगी मोठी, मग अशा ठिकाणी मूल अंगावर धड कपडे घालून, पोटभर जेवून समोर येणं चालकाला परवडत नाही. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, तेव्हा पैशासाठी मुलांना असं आश्रमात आणून ठेवण्याचा प्रश्न तिथे उघडपणे मांडला गेला. सगळेच आश्रम असे नसतात. पण जो आश्रम मुलांना खरंच जपतो, तो आठ दिवसांसाठी आलेल्या अनोळखी माणसांच्या हाती मुलं सोपवत नाही.

आणि त्या मुलांच्या बाजूनेही विचार करा. दर पंधरवड्याला एक नवी ताई येते, मांडीवर घेते, गाणी शिकवते, फोटो काढते, रडत निरोप घेते. पुढच्या आठवड्यात दुसरी. उद्या रावपुऱ्यातल्या एखाद्या बालवाडीत कुणी परदेशी पाहुणे आले आणि काहीही चौकशी न होता आठ दिवस आपल्या मुलांना कडेवर घेऊन हिंडले, तर आपण पालक म्हणून गप्प बसू का? तुमच्याकडे त्या कंपनीने पोलीस पडताळणीचा दाखलासुद्धा मागितलेला दिसत नाही. मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते.

बाहेरून येऊन मदत कशी करावी, हे बडोदेकरांना दूर कुठे जाऊन शिकायला नको. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली आणि १९१० साली विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना इथे आणलं. ते तीन वर्षं राहिले. संस्थानभरच्या ग्रंथालयांची घडी बसवली, १९११ साली ग्रंथपालनाचा वर्ग काढून इथलीच माणसं तयार केली. ते परत गेले तरी काम थांबलं नाही. १९१२ पासून इथून 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक निघत होतं, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत. माझी सगळी नोकरी ग्रंथालयात गेली, त्यामुळे मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत पाऊल टाकलं की मला अजूनही त्या माणसाबद्दल कृतज्ञता वाटते. त्यांना इथून बोलावणं होतं, आणि ज्या कामासाठी बोलावलं ते त्यांना येत होतं.

म्हणून त्या कंपनीला एवढंच विचारा : आम्ही आलो नाही तर त्या आठ दिवसांत मुलांना कोण शिकवणार? 'त्यांच्या शिक्षिका' असं उत्तर आलं तर तुमची तिथे गरज नाही. 'कुणीच नाही' असं आलं तर ते ठिकाणच धड नाही.

नेपाळला मात्र जरूर जा. लेक फाइन आर्ट्सची आहे ना? मग तिला शिकवायला नको, शिकायला पाठवा. पाटणमध्ये मेणाचा साचा करून धातूच्या मूर्ती ओतणारे कारागीर आहेत, भक्तपूरला कुंभारांचा अख्खा चौक आहे. कुणाच्या हाताखाली आठवडाभर बसायला मिळालं तर रीतसर फी द्या. त्या घराला मिळकत होईल आणि पोरीच्या हातात काहीतरी येईल. पोखऱ्याहून स्यांग्जा जिल्ह्यात सिरुबारी नावाचं गुरुंगांचं गाव आहे, १९९७ पासून तिथे पाहुणे घरोघरी उतरतात. अशा गावात दोनतीन रात्री राहिलात तर पैसे थेट चुलीपर्यंत पोचतात.

सेवाच करायची असेल आणि तुमच्यापैकी कुणी विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलेलं असेल, तर काठमांडूजवळ बुढानीलकंठला धर्मशृंग केंद्र आहे. तिथे जुन्या साधकांना धम्मसेवा देता येते. स्वयंपाकघर, झाडलोट, पडेल ते काम. त्याची फी नसते. आणि ताई, तुमच्या हातात हिशेब आहे! कितीतरी छोट्या संस्थांचं घोडं तिथेच अडलेलं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक विभागातर्फे घरबसल्या ऑनलाइन करायची कामंही असतात, ती बघा.

जाता जाता : व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र हवं. आधारच्या भरवशावर निघू नका.

प्रश्न : मी एमएस्सी झूऑलॉजी करतोय. श्रीलंकेत कोसगोडाला कासवांच्या हॅचरीत, म्हणजे अंडी उबवण्याच्या केंद्रात, दोन आठवडे काम करायला मिळतं. जाऊ का?

उत्तर : हॅचरीवाल्यांना एक प्रश्न विचार : पिल्लं वर आल्यावर किती वेळात सोडता? अंड्यातून निघाल्यावर साधारण पहिला दिवसभर पिल्लाच्या अंगात खोल पाण्याकडे पोहत सुटायची जी जोरदार ओढ असते, ती पोटातल्या बलकाच्या बळावर. पर्यटकांना हातात धरता यावीत म्हणून पिल्लं टाक्यांत ठेवली की ती ताकद सिमेंटच्या भिंतीला धडका देण्यात जाते. 'दोन दिवस ठेवतो' असं म्हणाले तर जाऊ नकोस. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांच्या पाच जाती अंडी घालतात, तुझ्यासारख्याने ते पाहायलाच हवं. तंगल्लेजवळ रेकवाला रात्री अंडी घालायला येणारी हिरवी कासवं लांबून बघायला मिळतात. पण त्याआधी रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास बघ. गावकऱ्यांनी ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी कशी राखली ते पाहिलंस की तिकडे गेल्यावर काय विचारायचं ते आपोआप कळेल.

प्रश्न : मी कारेलीबागेत राहतो, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालो. उन्हाळ्यात मुलाकडे लेस्टरला जाणार आहोत. तिथे चार भिंतींत बसून राहणं मला जमणार नाही. काही समाजकाम करता येईल का? व्हिसा व्हिजिटरचा आहे.

उत्तर : काका, येतं की. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा चालते. भेटीचं मुख्य कारण मात्र मुलाकडे जाणं हेच असावं, आणि मोबदला काहीही घ्यायचा नाही.

मी लंडनला भाच्याकडे गेले की साऊथॉलच्या गुरुद्वारात जाते. डोक्यावर पदर घ्यायचा, हात धुवायचे आणि रांगेत बसायचं. कणकेचा गोळा पुढे येतो, आपण लाटायचा, शेजारची उचलून भल्यामोठ्या तव्यावर टाकते. कुठून आलात हे कुणी विचारत नाही. दुपारपर्यंत पाठ भरून येते, आणि पंगतीत आपल्या शेजारी कधी एखादा बेघर गोरा म्हातारा जेवत असतो. काकूंना हे आवडेल. लेस्टरमध्ये होली बोन्स नावाच्या रस्त्यावर गुरु नानक गुरुद्वारा आहे.

तुमच्यासाठी मला दुसरंच सुचतं. इंग्लंड-वेल्समधल्या सुमारे २,००० मैल कालव्यांची आणि नद्यांची देखभाल कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था बघते. काठावरच्या पायवाटा साफ करणं, रंगकाम, झुडपं छाटणं यासाठी ते स्वयंसेवकांचे दिवस ठरवतात. लेस्टरमधून सोअर नदी आणि कालवा जातोच. पाण्याच्या माणसाला तिथे चार ओळखी नक्की होतील. निघण्याआधी मुलाला त्यांना ईमेल करायला सांगा. तुमचा व्हिसा कोणता, किती दिवस येणार हे स्पष्ट लिहा आणि त्यांचं उत्तर छापून सामानात ठेवा. विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं तर मुलाचा पत्ता, परतीचं तिकीट आणि हे पत्र, तिन्ही एकाच फाइलमध्ये असू द्या.