फक्त ९८ सामने खेळलेल्या जॉन कोलमनच्या नावाने पदक का देतात?

कारण त्या ९८ सामन्यांत त्याने ५३७ गोल केले, म्हणजे सामन्यामागे साडेपाचच्या आसपास! ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये फुल-फॉरवर्ड, म्हणजे गोलपाशी खेळणारा मुख्य आक्रमक, म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पहिलं नाव त्याचंच येतं.

१९४९ साली एसेंडन क्लबकडून हॉथॉर्नविरुद्ध पदार्पण केलं आणि पहिल्याच सामन्यात १२ गोल ठोकले. त्या मोसमातला शंभरावा गोल आला थेट अंतिम सामन्यात, तोही अगदी शेवटी शेवटी. एसेंडन विजेते ठरले, पुढच्या वर्षी पुन्हा.

१९५१ मात्र चटका लावून जातं. कार्लटनच्या हॅरी कॅस्परशी मारामारी झाली, दोघांवरही चार सामन्यांची बंदी आली. ऐन बाद फेरीत कोलमन बाहेर आणि अंतिम सामना एसेंडनने जिलाँगविरुद्ध अवघ्या ११ गुणांनी गमावला. तो असता तर निकाल फिरला असता, असं मला ठामपणे वाटतं.

१९५४ मध्ये फिट्झरॉयविरुद्ध १४ गोल, कारकिर्दीतले सर्वाधिक. पुढच्याच सामन्यात गुडघा निखळला आणि पंचविशीतच खेळणं संपलं. नंतर प्रशिक्षक म्हणून त्याने एसेंडनला १९६२ आणि १९६५ ची विजेतेपदं मिळवून दिली. ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या साखळी फेरीत सर्वाधिक गोल करणाऱ्याला आज मिळतं ते कोलमन पदक.