होमवर्क मोबाइलवर आला की मोबाइल कोणाच्या हातात?

प्रश्न : ताई, मुलगा सहावीत आहे. शाळेचा सगळा होमवर्क पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतो, तोही रात्री आठ-साडेआठला. बघून लिहितो म्हणून मोबाइल घेतो आणि अर्ध्या तासाने बघावं तर रील्स चालू. काढून घेतला तर वही अर्धवट. मिस्टर म्हणतात आता हे असंच चालणार. काय करू?
– एक आई, सातारा

उत्तर : मिस्टरांचं अर्धं बरोबर आहे हो. मी बत्तीस वर्षं भूगोल शिकवला, ग्रहण समजवायला बॅटरी आणि चेंडू घेऊन उभी राहायचे, मागच्या बाकावरच्यांना काही म्हणजे काही दिसायचं नाही, प्रोजेक्टर आला आणि दोन मिनिटांत सगळ्या वर्गाला सावली कुठे पडते ते कळलं. परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या डिसले गुरुजींनी धड्यांना क्यूआर कोड जोडले, २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं त्यांना. त्यात मोबाइल एका धड्यापुरता उघडतो.

तुमच्याकडे मात्र फळ्यावरचं काम मोबाइलवर ढकललंय. दोन ओळी उतरवल्या की स्क्रीन काळी, परत उघडा, तेवढ्यात वरून नोटिफिकेशन टपकतं, की गेलं पोरगं! तोच होमवर्क शेवटच्या तासाला फळ्यावर लिहिला तर पाच मिनिटांत वहीत येतो. पालकसभेत हे बोला, पण एकट्या जाऊ नका, "तुमच्याच मुलाला सवय आहे" म्हणून परत पाठवतील. ज्या घरी एकच मोबाइल आणि तोही वडिलांबरोबर कामावर, अशा दोन-तीन आया बरोबर घ्या.

तोपर्यंत मोबाइल तुमच्याकडेच ठेवा. पोळ्या लाटता लाटता मोठ्याने वाचा, तो लिहील, शुद्धलेखनही कळेल कुठे चुकतंय ते (माझ्या नातवाने 'पृथ्वी' तीन प्रकारे लिहिली होती).

आणि तुमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे ना, तिथे २०२२ मध्ये गावाने ठरवलं, संध्याकाळी सातला भोंगा वाजला की साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद. मोठ्यांचेसुद्धा. हे शेवटचं मिस्टरांना जेवण झाल्यावर सांगा.