चोरीनंतर फिक्सी बांधायचीय? पैसे मागच्या चाकात घाल

कॉलेजच्या पार्किंगमधून केबल लॉक कापून तुझी गिअरची सायकल नेली, हे वाचून फार वाईट वाटलं. कोथरूड ते शिवाजीनगर रोजचं जाणं-येणं, हातात आठ हजार, एवढ्यात फिक्सी (एकच गिअर, आणि चाक फिरेल तोवर पेडलंही फिरतच राहतात अशी सायकल) होईल का, असं तू विचारलंयस. जुनी फ्रेम घेऊन स्वतः बांधलीस तर होईल. त्याआधी पोलिसांत तक्रार दे आणि बिलावर किंवा एखाद्या फोटोत फ्रेम नंबर सापडला तर तो तक्रारीत लिहून घे.

गल्लीतला मेकॅनिक तुला एक स्वस्त उपाय सांगेल: आहे त्या फ्रीव्हीलला (मागचं दातेरी चक्र, ज्यामुळे पेडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं) वेल्डिंग मारून ती जाम करायची. हे अजिबात करू नकोस. फ्रीव्हील हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, सरळ आट्यांनी बसते, त्यामुळे पेडल पुढे मारशील तशी ती आवळत जाते. पण फिक्सीत वेग कमी करायला पाय मागे रेटावे लागतात आणि त्याच जोराने ती आटे सोडते. म्हणजे पीएमपीची बस आडवी आली, तू जीव खाऊन पाय रोखलेस, की नेमकी तेव्हाच पेडलं मोकळी फिरणार. फिक्सीसाठीच्या ट्रॅक हबला दोन टप्प्यांचे आटे असतात: आत सरळ आट्यांवर स्प्रॉकेट (न सुटणारं दातेरी चक्र) आणि त्याच्या बाहेर उलट्या आट्यांवर लॉकरिंग, म्हणजे ते रोखून धरणारी रिंग. स्प्रॉकेट सैल व्हायला गेलं की लॉकरिंग उलट घट्ट होतं. असा हब नसेल तर ती सायकल फिक्सी म्हणून चालवूच नये, असं माझं ठाम मत आहे.

फ्लिप-फ्लॉप हब घे. एका बाजूला फिक्स्ड, दुसऱ्या बाजूला साधी फ्रीव्हील. सुरुवातीला फ्रीव्हीलवर कॉलेजला जा आणि सकाळी रिकाम्या मैदानात चाक उलटं लावून सराव कर. बजेटचा निम्मा भाग या चाकावर गेला तरी जाऊ दे. रंग, डीप रिम, रंगीत चेन यांना आत्ता एक रुपयाही नको.

फ्रेम जुनी स्टीलची चालेल, पण मागच्या एक्सलच्या खाचा आडव्या हव्यात. फिक्सीत चेनचा ताण चाक मागे-पुढे सरकवूनच जमतो, उभ्या खाचेत ते शक्य नाही. हिरो-अ‍ॅटलसच्या काळ्या सायकलींना अशाच खाचा असतात, फक्त वजन जास्त. ट्रॅक हबची रुंदी साधारण 120 मिमी असते, तेव्हा फ्रेमच्या मागच्या बाजूची आतली रुंदी टेपने मोज. नवी रिम बसवल्यावर ब्रेकचे रबर तिच्यापर्यंत पोचतात का, तेही आधीच बघ. जुन्या बाजारात घेतलीस तर विकणाऱ्याकडे बिल माग. फ्रेम नंबर घासलेला दिसला तर सरळ पुढे हो. आपली चोरीला गेलेली असताना दुसऱ्या कुणाची चोरलेली घरी आणायची नाही.

गिअरिंग 44-18 ठेव, म्हणजे पुढे 44 दाते आणि मागे 18. पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे 5 मीटर जाते, मिनिटाला 80 फेऱ्या मारल्यास ताशी 24-25 किमी. शहरात तेवढं पुष्कळ झालं. पोरं 48-16 च्या मागे लागतात, पण ते बरोबर तीनाचं प्रमाण आहे, त्यामुळे स्किड मारताना, म्हणजे पाय रोखून मागचं चाक घसरवताना, टायर दरवेळी एकाच जागी घासतो आणि लवकर फाटतो.

पुढचा ब्रेक हवाच, यात चर्चा नको. पेडलला पट्टे लाव, नाहीतर उतारावर पाय निसटला की फिरतं पेडल नडगी फोडतं. वळणावर सायकल फार झुकवू नकोस, पेडल थांबत नसल्याने ते रस्त्याला टेकतं. चेन पुसताना चाक फिरवत बोट जवळ नेऊ नकोस. बोटं तुटलेली आहेत लोकांची. चांदणी चौकाचा उतार किंवा कात्रज घाट इतक्यात नको.

यू-लॉकचे पैसे आधी बाजूला काढ आणि मग फ्रेम शोधायला लाग. लॉक मागचं चाक आणि फ्रेम दोन्हीतून घालून जमिनीत गाडलेल्या खांबाला लाव. ट्रॅक हबला क्विक रिलीज (पान्याशिवाय हाताने चाक सोडवायचा दांडा) नसतो, 15 चा पाना लागतो, म्हणून चाकं सहज निघत नाहीत. फ्रेम मिळाली की घेण्याआधी खाचांचा फोटो आणि मोजलेली रुंदी इथे टाक, बघून सांगतो.